थोडी मागे जाऊ दे

४ फेब्रुवारी

वहिनी,

दादा गेल्यानंतर मी तिकडून निघालो तेव्हा तू म्हणाली होतीस, पोचल्याचं कळवा. आता तीन महिने होत आले, तर कळवतो: पोचलो.

रागावू नकोस. पत्र लिहायला बसलो की पहिल्या ओळीत दादा येतो आणि मग दुसरी ओळ सुचत नाही. आज ठरवलंय, त्याला बाजूला बसवायचं आणि लिहायचं.

आमच्या बँडची पहिली मोठी रेकॉर्ड होतेय. बँड म्हणजे आम्ही तिघंच, तू तिघांनाही जेवायला घातलं आहेस. हातोडा म्हणजे आमचा ड्रमर, तुझ्या स्वयंपाकघरातले डबे ज्याने चमच्यांनी बडवले तो. लांब्या म्हणजे गिटारवाला, दाराच्या चौकटीवर डोकं आपटून आत आला तो. आणि मी. मी गातो आणि बेस वाजवतो. ती जाड तारांची गिटार. नसली तरी कुणाला कळणार नाही, असं दादा म्हणायचा.

आठ गाणी झाली आहेत. कंपनीचे साहेब ती ऐकून म्हणाले, "छान आहेत, पण रेडिओवर वाजेल असं यात एकही नाही. एप्रिल संपेपर्यंत एक आणा." तसं काळजीचं काही नाही. मी दादावर एक गाणं लिहिलं होतं. मन लावून लिहिलं होतं. हातोड्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "चांगलं आहे, पण झोप येते." लांब्या काही बोलला नाही, म्हणजे तोही झोपला असावा.

दुकानाचं काय? तू काच कापतेस तशी कुणाला कापता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कापलेली काच घरोघरी पोचवणार कोण? तो दादाचा प्रांत होता. चांगलासा ड्रायव्हर ठेव. आईला नमस्कार.

तुझा धाकटा दीर


१५ फेब्रुवारी

भाऊजी,

पोचल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. आई म्हणाल्या, "त्याला लिही, आम्हीही अजून इथेच आहोत."

ड्रायव्हर ठेवला होता. शाळेच्या खिडक्यांच्या काचा घेऊन निघाला. दुकानापासून वरच्या सिग्नलपर्यंतचा चढ तुम्हाला माहीत आहे. सिग्नलला थांबला आणि निघताना असा गचका दिला की दुकानात बसून मला अख्खा माल फुटल्याचं ऐकू आलं. परत येऊन म्हणतो, चढच वाईट आहे. मी म्हटलं, चढ होता तिथेच आहे, नवीन तुम्ही आहात. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि मी बोलावलंही नाही.

म्हणून मीच गाडी शिकायला लागले आहे. हसून घ्या, मग पुढे वाचा.

शिकवणारे मास्तर साठीचे आहेत. गालात कायम खोकल्याची गोळी, त्यामुळे ओरडत नाहीत. ओरडायला तोंड मोकळंच नसतं. सपाट रस्त्यावर मी लवकर सरावले. मग त्यांनी मला दुकानाचीच गाडी काढायला लावली आणि चढावर नेली. सिग्नलला थांबलो. मागे ही रांग. दिवा हिरवा झाला आणि ब्रेकवरचा पाय मला उचलवेना. उचलला की गाडी मागे जाते. आपल्या गाडीचा हँडब्रेक नावाला आहे. तुमचे दादा नुसत्या पायांवर सांभाळायचे. कसे, ते मला माहीत नाही. इतकी वर्षं शेजारी बसले, रस्ता बघितला, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, पण पायांकडे कधी बघितलं नाही.

मागचे हॉर्न वाजवत होते. दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, मी तशीच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मास्तरांनी गोळी या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "बाई, ती मागे जाणारच. थोडी मागे जाऊ द्या. आवाज बदलला की सोडा. धरून बसलात तर इथेच म्हाताऱ्या व्हाल."

मी पाय उचलला. गाडी हातभर मागे गेली. मग तिने नाक वर केलं आणि चढली.

घरी येऊन गाडी चढल्याचं आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "उद्या पुन्हा जा."

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

बसली असलीस तर उभी राहा. गाणं आलंय.

काल दुपारी आलं. आम्ही तालमीच्या खोलीत होतो. छपराचा पत्रा तापलेला, लांब्या तार बदलत होता, हातोडा खुर्ची उलटी करून तिच्यावर बोटं आपटत होता. मी एक ओळ म्हटली. गायलो नाही, नुसती बोललो. हातोड्याची बोटं थांबली. "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटली. त्याने खुर्चीवर एक ठोका दिला, मग मुद्दाम एक गाळला, मग दोन दिले. वहिनी, तो जो गाळला ना, त्या जागी माझा पाय आपोआप जमिनीवर पडला. लांब्याने अर्ध्या तारा लावलेली गिटार तशीच घेतली, एक सूर धरला, वर नेण्याआधी जरासा खाली घसरवला, आणि मग असा वर नेला की मला उभं राहावं लागलं. चहा आणून देणारा माणूस दारात उभा होता तो चहा द्यायचाच विसरला.

संध्याकाळपर्यंत आम्ही तेच वाजवत होतो. माझ्या बोटांना फोड आलेत, ते बघून मला हसू येतंय.

विषय आत्ता सांगत नाही. झाल्यावर सांगेन. पण मला काही गोष्टी कळायला हव्यात आणि त्या तूच सांगू शकतेस. चढावर गाडी सुटते तेव्हा इंजिनाचा आवाज नेमका कसा होतो? वर जातो की खाली येतो? पायाला काय कळतं? हात काय करत असतात? सगळं लिही, अगदी फालतू वाटेल तेसुद्धा. उलट टपाली लिही.

तुझा दीर


६ मार्च

भाऊजी,

गाडी घेताय वाटतं. कंपनी बरीच खूश दिसते. घ्या, पण आधी आम्हाला सांगा. रंग आई ठरवणार आहेत.

विचारलंत म्हणून सांगते. आवाज खाली येतो. आधी इंजिन नुसतं ओरडत असतं, रिकामं. क्लचवरचा पाय वर घेत आणला की एका जागी ते एकदम जड होतं. खांद्यावर पोतं घेतलेला माणूस बोलतो ना, तसं. तीच जागा. ती कानाला आधी कळते आणि तळपायाला नंतर. डोळ्यांना कळतच नाही, म्हणून समोरचा दिवा बघत बसायचं नाही. हात काही करत नाहीत, नुसते चाक आवळून धरतात. मास्तर म्हणतात, चाकाने काय घोडं मारलंय तुमचं.

आणि काचा असतील तर त्या मागे लाकडी चौकटीत उभ्या गुणगुणतात. सगळ्या एकदम नाही, पातळ आधी, जाड मग. हे मला दुकानात इतकी वर्षं कधी ऐकू आलं नव्हतं.

परीक्षा पुढे ढकलली आहे. परीक्षेचे साहेब आजारी आहेत म्हणे. बाकी सगळं ठीक. मास्तर खूश आहेत.

सावकाश शिका. घाई करू नका.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

मी गाडी घेत नाहीये. माझ्याकडे सायकल आहे आणि तिच्याही चाकात हवा नाही.

आता सांगतो. गाणं तुझं आहे. तुझ्या पत्रातलं. मी ते पत्र तालमीच्या खोलीत वाचून दाखवलं, आणि मास्तरांचं ते वाक्य आलं तेव्हा हातोड्याची बोटं थांबली. हे घे:

पुढे लाल दिवा, मागे गावभर रांग,
पायाखाली ब्रेक आणि पायात नाही त्राण.
थोडी मागे जाऊ दे,
आवाज तिचा बदलू दे,
मग सोड, मग सोड.

कागदावर काहीच वाटत नाही, मला माहीत आहे. पण हातोडा मागून ढकलतो आणि लांब्याची गिटार घसरून वर जाते तेव्हा अंगावर काटा येतो. तू लिहिलंस ना, आवाज रिकामा असतो आणि मग जड होतो? आम्ही अगदी तसंच केलंय. पहिली ओळ नुसत्या गिटारवर, आणि "मग सोड"ला माझा बेस येतो. आता दादा असता तर त्याला कळलं असतं की बेस नसला तर काय होतं.

स्टुडिओत दोनदा प्रयत्न केला, अजून नीट उतरलेलं नाही. तिथे आवाज मुद्रित करणारे गृहस्थ पांढरा कोट घालतात, आम्ही त्यांना डॉक्टर म्हणतो. त्यांनी तिघांना तीन वेगळ्या खोल्यांत कोंडलं आणि गाणं इस्पितळातल्यासारखं स्वच्छ आलं. शिवाय कंपनीच्या साहेबांची एक अट आहे. म्हणतात, "मागे" कशाला? लोकांना उमेद हवी. "थोडी पुढे जाऊ दे" करा. लांब्या म्हणतो करून टाकू, हातोडा म्हणतो मग मी नाही वाजवत. तू काय म्हणतेस?

तुझा दीर


२७ मार्च

भाऊजी,

मी काय म्हणते ते आता विचारताय.

मी पत्र तुम्हाला लिहिलं होतं. भर रस्त्यात मला रडू आलं हे मी आईंनासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण या घरात तुमच्या दादांची आठवण येणारी आम्ही दोघी आणि लांब तुम्ही, एवढीच माणसं आहोत. आणि तुम्ही ते खोलीत उभं राहून वाचून दाखवलंत. आता ते दुकानादुकानातून वाजणार आणि लोक त्यावर नाचणार.

आणि ते खोटंही आहे. परीक्षेचे साहेब आजारी नव्हते. मी नापास झाले. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी गाडी बंद पडली. दुसऱ्या वेळी मी तुमच्या गाण्यात आहे तसंच केलं. मागे जाऊ दिली. आवाजाची वाट बघत राहिले आणि ती जात राहिली, ती मागच्या गाडीवर जाऊन थांबली. त्या गाडीच्या दिव्याची काच फुटली. काचवाल्या बाईने काच फोडली म्हणून सगळा रस्ता हसला. मास्तर नंतर एवढंच म्हणाले, "बाई, मी थोडी म्हणालो होतो."

त्यानंतर गाडीला हात लावलेला नाही. गिऱ्हाइकं स्वतः येऊन काच नेतात, म्हणजे जवळची नेतात, लांबची आता येत नाहीत. दुकान भाड्याने द्यायचं आईंच्या कानावर घातलं आहे. तेव्हा "मागे" ठेवा नाहीतर "पुढे" करा, मला काय. पण ते माझं आहे असं म्हणू नका.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

चुकलो.

काल दोघांना सांगितलं की हे गाणं आपण करायचं नाही. हातोड्याने काठ्या पिशवीत भरल्या. कुणी वाद घातला नाही. जुन्यातलंच काहीतरी साहेबांना ऐकवू.

तू नापास झाल्याचं लपवलंस, तर मीही लपवलेलं सांगतो. काळजीचं काही नाही असं लिहिलं होतं ते खरं नव्हतं. एप्रिलअखेर गाणं दिलं नाही तर रेकॉर्ड निघणार नाही आणि कंपनी आमचा हात सोडणार आहे. लांब्याने भावाच्या छापखान्यात जागा बघून ठेवली आहे. तुझ्यावर आणखी ओझं नको म्हणून बोललो नाही. आणि त्या गाण्याने मी इतका हुरळलो की ते कुणाचं आहे हेच विसरलो. आपलं दुःख आपल्याला गाता येत नाही म्हणून दुसऱ्याचं उचललं, असं झालं.

एक गोष्ट मात्र तुला कळायला हवी. मी ते पत्र वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर हातोडा म्हणाला, "त्या बाईला कुणी हॉर्न द्यायला नको होता." तो असं कधी बोलत नाही.

दुकान भाड्याने देऊ नकोस. मे महिन्यात मी तिकडेच येतो. मला गाडी चालवता येत नाही, पण काचेचं दुसरं टोक धरता येतं. लहानपणी दादाने तेवढं शिकवलं होतं.

तुझा दीर


१५ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आलं आणि मी त्याला उत्तर द्यायच्या आत इथे बरंच काही होऊन गेलं. बैजवार लिहिते.

गेल्या आठवड्यात मोठं वादळ झालं. सकाळी बाळंतिणींच्या दवाखान्यातून माणूस धावत आला. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीची काच फुटली होती, आत गार वारा, बाळांना घेऊन बाया भिंतीला टेकून बसलेल्या. माप त्याने आणलं होतं. मी काच कापली. कापून झाल्यावर लक्षात आलं की आता ही न्यायची कुणी. हातगाडीवर एवढी मोठी काच त्या वाऱ्यात टिकली नसती.

मी मास्तरांकडे माणूस पाठवला, की येऊन गाडी चालवा. ते आले आणि सरळ चालकाच्या शेजारच्या जागेवर बसले. म्हटलं, अहो, तुम्ही चालवायची आहे. म्हणाले, "माझा चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत होता.

मी तशीच उभी. तेवढ्यात मागचं दार वाजलं. बघते तर आई आत चढून बसलेल्या, काचेच्या चौकटीला पाठ लावून, दोन्ही हातांनी घोंगडी दाबून धरलेली. मला म्हणाल्या, "बाळं गारठतायत. चल."

सिग्नल लाल मिळाला. अर्थातच लाल मिळाला. मागे मालट्रक येऊन थांबला, इतका जवळ की आरशात नुसती त्याची जाळी. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, जसं काही सहलीला निघालेत. दिवा हिरवा झाला. मी पाय उचलला नाही. ट्रकने हॉर्न दिला.

मागून आईंनी विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "आई, ती मागे जाते."

त्या म्हणाल्या, "जाऊ दे. मागे मी आहे."

भाऊजी, त्यांचा मुलगा जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्या काचेला पाठ लावून बसल्या होत्या, आणि काचेमागे दार आणि दारामागे ट्रक. मी पाय उचलला. गाडी थोडीशी मागे गेली, वीतभर असेल. काचेने गुणगुणायला सुरुवात केली, आवाज जड झाला, तळपायाला कळलं आणि मी सोडली. गेली वर. एक धक्का नाही, काही नाही. मास्तरांनी नवीन गोळी तोंडात टाकली आणि पहिल्यांदाच एक मलाही दिली.

काच बसवली. एका बाळंतिणीने विचारलं, गाडी तुम्ही चालवत आणलीत? आईंनी माझ्या आधी उत्तर दिलं, "मग काय मी?"

काल परीक्षा दिली. पास झाले. ही गोष्ट तुम्हाला सगळ्यात आधी सांगायची होती, पण आधी सांगितली असती तर बाकीचं तुम्ही नीट वाचलं नसतं.

तेव्हा इकडे यायचं कारण नाही. गाणं करा. रागावले होते, ते खरं. पण तुम्ही ते बंद केल्याचं वाचलं आणि मला बरं वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. एकच सांगते, "पुढे" करू नका. पुढे जायला कुणाला शिकवावं लागत नाही. आणि आई म्हणाल्या ते हवं असेल तर घ्या. त्यांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, "माझं नाव नको घालू म्हणावं."

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

झालं. आत्ताच झालं, पायरीवर बसून लिहितोय, अक्षर लावून घे.

तुझं पत्र वाचून आम्ही तिघं अक्षरशः धावत स्टुडिओत गेलो. लांब्या पुन्हा दाराला आपटला. पण डॉक्टरांनी पुन्हा आम्हाला तीन खोल्यांत घातलं आणि पुन्हा तेच, स्वच्छ आणि मेलेलं. कानांवर हेडफोन लावून मला हातोडा ऐकू येत होता, पण दिसत नव्हता. तो दिसल्याशिवाय मला ढकलल्यासारखं वाटत नाही. दोन दिवस असे वाया गेले. आज शेवटचा दिवस. साहेब सकाळीच येऊन बसले होते.

हातोडा एकदम उठला आणि ड्रम उचलून बाहेर न्यायला लागला. स्टुडिओच्या मागच्या बाजूला सामान चढवायचा सिमेंटचा उतार आहे, वर छप्पर, दोन्हीकडे भिंती. तिथे नुसती शीळ घातली तरी घुमते. त्याने त्या उतारावरच ड्रम मांडले. डॉक्टर म्हणाले, "हा स्टुडिओ आहे, गोदाम नाही." पण त्यांच्याही डोळ्यांत चमक आली होती. त्यांनी कोट काढला. वहिनी, आम्ही त्यांना कोटाशिवाय पहिल्यांदा पाहिलं. माईकच्या वायरी खिडकीतून बाहेर काढल्या आणि आम्ही तिघं त्या उतारावर एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो, मी गायला आणि वाजवायला एकदमच.

पहिल्याच ठोक्याला कळलं. भिंतींतून आवाज असा परत येत होता जसा मागे खरोखर ट्रक उभा आहे. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. पण जमीन उतरती, आणि हातोडा पायाने जो मोठा ड्रम वाजवतो तो ठोक्यागणिक खाली सरकत होता. हातोडा स्टूल घेऊन त्याच्यामागे सरकत होता. शेवटच्या "जाऊ दे"च्या आधी अख्खा संचच घसरला. ठोका चुकला. सगळं थांबलं, एक श्वासभर काहीच नाही. मी घाबरून त्याच्याकडे बघितलं. तो अर्धवट पडलेला, एक पाय भिंतीला लावून तोललेला, आणि हसत होता. मी गाणं थांबवायचं विसरलो आणि ओळ म्हटली:

थोडी मागे जाऊ दे, मागे मी आहे.

आणि "मी आहे"वर हातोड्याने दोन्ही हातांनी ठोका दिला, लांब्याची गिटार घसरून वर गेली, आणि आम्ही तिघं असे सुटलो की कुठे थांबायचं ठरवलं होतं ते कुणालाच आठवलं नाही. शेवटी लांब्याची तार तुटली म्हणून संपलं.

आत जाऊन ऐकलं. डॉक्टर म्हणाले, ती चूक काढावी लागेल, पुन्हा वाजवा. आम्ही काही बोलायच्या आत साहेबांनी हात वर केला. "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. ती मधली शांतता आली तेव्हा साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, मी पाहिलं. गाणं संपल्यावर मी म्हटलं, "साहेब, तो 'पुढे' शब्द..." ते म्हणाले, "मागेच राहू दे." आणि रुमाल काढून चष्मा पुसत बाहेर गेले.

लांब्याने भावाला कळवलंय की छापखान्यात दुसरा माणूस बघ.

आईला माझ्यातर्फे वाकून नमस्कार कर. ती म्हणेल, उगाच नाटकं. तरी कर.

तुझा दीर


८ ऑगस्ट

भाऊजी,

तुमची रेकॉर्ड मिळाली, पण आपल्याकडे वाजवायचं यंत्र नाही हे तुम्ही विसरलात. त्यामुळे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते परवा, रंगाच्या दुकानात. तिथे काच पोचवायला गेले होते आणि आई बरोबर होत्या. हल्ली त्या प्रत्येक फेरीला येतात, पुढच्या जागेवर. मास्तरांची जागा त्यांनी घेतली आहे, गोळ्यांसकट.

रेडिओ लागलेला होता. तुमचा आवाज आला आणि मी काचेचं टोक धरून तशीच उभी राहिले. रंगवाला मला सांगायला लागला की हे गाणं म्हणजे प्रेयसी सोडून गेल्याचं आहे. त्याचा नोकर म्हणाला, छे, सरकारबद्दल आहे, उघड बोलता येत नाही म्हणून गाडी घातली. दोघांची जुंपली.

ती मधली शांतता आली, आणि मग शेवटची ओळ. आईंनी पदर तोंडाला लावला. गाडीत बसल्यावर मी विचारलं, आवडलं का. म्हणाल्या, "ओरडतो फार." चढाच्या वर पोचल्यावर म्हणाल्या, "थोरल्यासाठी गायलाय."

मी म्हटलं, हो.

दुकान बरं चाललं आहे. लांबची गिऱ्हाइकं परत आली.

वहिनी


११ डिसेंबर, चौदा वर्षांनी

भाऊजी,

परवा तुमच्या कार्यक्रमाला आले होते. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही पुढच्या रांगेत खुर्ची ठेवली असतीत आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. तिकीट काढून मैदानात उभी राहिले. आई आल्या नाहीत, गुडघे. पण त्यांनी बजावून पाठवलं होतं की तो जाड झालाय का ते बघून ये. झाला आहात. हातोड्याचे केस गेले. लांब्या तसाच आहे.

शेवटी तुम्ही ते गाणं सुरू केलंत आणि आजूबाजूची सगळी माणसं, माझ्या निम्म्या वयाची, अशी गायला लागली की तुमचा आवाजच ऐकू येईना. त्यांतली कितीतरी तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागली असतील. गाण्यातल्या त्या मधल्या शांततेत सगळं मैदान श्वास धरून उभं होतं. मला वाटलं होतं मला लाज वाटेल. नाही वाटली. मीही गायले, मोठ्याने, आणि बेसूर.

माझ्या शेजारी एक मुलगी होती. डोळे मिटून गात होती, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. काय झालं होतं तिचं, कुणाला ठाऊक. संपल्यावर तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी पांढऱ्या केसांची बाई, हातात पिशवी. तिला कौतुक वाटलं असावं. म्हणाली, "काकू, या गाण्याचा अर्थ कळतो तुम्हाला?"

मी म्हटलं, "तू सांग."

मग ती सांगत राहिली, गर्दी ओसरेपर्यंत. मी सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली त्यातलं एकही अक्षर चुकीचं नव्हतं.

वहिनी